३४ इंची वक्र ओलेड मॉनिटर: नाशिकच्या घरात घेण्याआधी

टेबल खिडकीसमोर असेल आणि मुख्य काम दिवसा उजेडात चालणार असेल, तर हा मॉनिटर घेऊ नका. पडदा ओढता येत असेल किंवा बहुतेक काम संध्याकाळनंतरचं असेल, तर या किमतीत याच्या तोडीचं चित्र दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलवर मिळत नाही. हा परीक्षणाचा निकाल. पुढचं सगळं या दोन वाक्यांमागची कारणं आणि घरात आणल्यावर करायची कामं.

मॉडेल डेलचं, एलियनवेअर एडब्ल्यू३४२३डीडब्ल्यूएफ, २०२२च्या अखेरीस आलेलं. पॅनेल सॅमसंग डिस्प्लेचं क्यूडी-ओलेड, म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो आणि काळ्यासाठी पूर्ण विझतो. ३४४० गुणिले १४४० पिक्सेल, डिस्प्लेपोर्टवर १६५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलतं. एचडीएमआयवर मात्र पूर्ण रिझोल्यूशनला १०० हर्ट्झच मिळतात, म्हणून कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्टचीच केबल लावा. वक्रता १८०० आर, म्हणजे १.८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. कागदावर हा आकडा मोठा वाटतो. प्रत्यक्षात सुमारे ८० सेंमी रुंदीत कडा मध्यापेक्षा साधारण साडेचार सेंमी पुढे येतात, इतकाच बाक. दोन दिवसांत डोळ्यांना त्याची सवय होते. ४५ इंची ८०० आरचे ओलेड मॉनिटर मिळतात, त्यांच्या कडा १६ ते १७ सेंमी पुढे येतात. अंबड-सातपूरच्या कारखान्यांसाठी ड्रॉइंग करणाऱ्यांनी तो बाक टाळावा, सरळ रेषा सरळ आहे का हे नजरेने ठरवणं त्यावर अवघड जातं. शिवाय त्यांतल्या बऱ्याच मॉनिटरवर तेच ३४४० पिक्सेल ४५ इंचांवर पसरल्याने इंचाला जेमतेम ८३ पिक्सेल उरतात. ३४ इंचांत ते ११० असतात.

आता खिडकीचं. या पॅनेलमध्ये पोलरायझर, म्हणजे बाहेरचा उजेड शोषणारा पातळ थर नाही. त्यामुळे समोरून उजेड पडला की काळा रंग काळा राहत नाही, राखाडी-जांभळा दिसतो. गंगापूर रोडकडच्या नव्या फ्लॅटमध्ये हॉलला भिंतभर काचेची स्लाइडिंग असते. तिच्यासमोर हा मॉनिटर ठेवला तर ज्या काळ्यासाठी पैसे मोजले तोच हातचा जातो. टेबल असं लावा की खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येईल, पाठीमागे नको. डोक्यामागच्या भिंतीवरची एलईडी ट्यूबही त्रास देते, चकचकीत वक्र पृष्ठभागावर तिचं प्रतिबिंब लांबलचक ताणून दिसतं. दुकानात पाहायला गेलात तर तिथे वर डझनभर ट्यूब पेटलेल्या असतात, आणि शेजारचा निम्म्या किमतीचा आयपीएस (मागून दिवा असलेला साधा एलसीडी) तिथे जास्त उठून दिसू शकतो. त्यावरून मत बनवू नका. दुकानदाराला वरचे दिवे दोन मिनिटं बंद करायला सांगा.

मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट सविस्तर सांगायलाच हवी. साध्या मॉनिटरमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सेल शेजारी-शेजारी असतात आणि विंडोजचं क्लिअरटाइप तेच गृहीत धरून अक्षरांच्या कडा मऊ करतं. या पॅनेलमध्ये मांडणी त्रिकोणी आहे: हिरवा वर, लाल आणि निळा खाली. त्यामुळे रंगाची झाक आडव्या कडांवर उमटते. रोमन लिपीत आडव्या रेषा तुटक असतात. देवनागरीत शब्दभर शिरोरेखा असते. पांढऱ्या पानावरच्या काळ्या शिरोरेखेच्या वरच्या अंगाला गुलाबीसर आणि खालच्या अंगाला हिरवट बारीक कड दिसते. मंगल किंवा निर्मला फॉन्ट १०० टक्के स्केलिंगवर (विंडोजमधलं अक्षरं-चिन्हं लहानमोठी करण्याचं माप) असेल तर ती स्पष्ट जाणवते. उपाय सोपा आहे. स्केलिंग १२५ टक्के करा, क्लिअरटाइप ट्यूनर चालवून प्रत्येक पायरीवर सगळ्यात कमी रंगीत दिसणारा नमुना निवडा आणि डोळे पडद्यापासून ७५ सेंमीवर ठेवा. एवढं केल्यावर बातम्या, मेल, पत्रव्यवहार बिनत्रास होतो. दिवसभर मुद्रितशोधन करणाऱ्याला मात्र मी हे पॅनेल सुचवणार नाही. २०२४ नंतरच्या पॅनेलमध्ये उपपिक्सेलचा आकार सुधारला आहे, झाक कमी आहे.

ते ७५ सेंमी अंतर मिळवणं हीच इथल्या टेबलांची अडचण. तयार कॉम्प्युटर टेबल बहुधा ६० सेंमी खोल असतं आणि या मॉनिटरचा स्टँडच जवळपास ३० सेंमी जागा खातो. टेबल सुताराकडून करून घेणार असाल तर खोली ७५ ते ८० सेंमी सांगा. नाहीतर मॉनिटरच्या पाठीवरच्या १०० मिमीच्या वेसा भोकांवर (स्क्रूची प्रमाणित भोकं) टेबलाला पकडणारा आर्म बसवा. पॅनेल वक्र असल्याने वजनाचा मध्य पुढे येतो, म्हणून ३४ इंची वक्र मॉनिटर चालेल असं स्पष्ट लिहिलेलाच आर्म घ्या. स्वस्त आर्मवर पडदा हळूहळू खाली तोंड करतो. बसवताना मॉनिटर सपाट टेबलावर पालथा घालू नका, सगळा भार दोन कडांवर येऊन पॅनेल दबतं. खोक्यातल्या थर्माकोलमध्येच राहू द्या आणि पाठ तिथेच स्क्रूने जोडा.

घरी आल्या आल्या खोकं उघडतानाचा अखंड व्हिडिओ काढा. मग खोलीत अंधार करून पूर्ण पडद्यावर लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि पाच टक्के राखाडी असे रंग एकेक करून लावा. पहिल्या चारांत मेलेला पिक्सेल सापडतो, राखाडीत उभे पट्टे. अंधुक पट्टे थोडेफार असू शकतात. ठळक काळी रेघ असेल तर लगेच बदलून मागा.

बर्न-इनची, म्हणजे न हलणाऱ्या चित्राचा पडद्यावर कायमचा ठसा उमटण्याची भीती सगळेच दाखवतात, पण नाशिकमध्ये त्याहून घातक सवय आहे ती बोर्डाचं बटण बंद करण्याची. रात्री झोपताना एक्स्टेन्शनचं बटण बंद करणं आपल्याला जबाबदारीचं वाटतं. हा मॉनिटर मात्र साधारण चार तासांच्या वापरानंतर, स्टँडबायमध्ये असताना पिक्सेल रिफ्रेश करतो, म्हणजे असा ठसा उमटू नये म्हणून पिक्सेल सारखे करून घेतो. त्याला सहा ते आठ मिनिटं लागतात आणि पॉवरचा दिवा लुकलुकत राहतो. कॉम्प्युटर बंद केल्याबरोबर बोर्ड बंद केलात तर हे काम होत नाही आणि टास्कबारची सावली उमटण्याचा धोका वाढतो. दिवा स्थिर झाल्यावर खुशाल बटण बंद करा. वीज मध्येच गेली तरी घाबरायचं कारण नाही, राहिलेलं काम तो पुन्हा मागतो. दीड हजार तासांनंतर तासाभराचा पॅनेल रिफ्रेश, म्हणजे हेच काम अधिक सखोल, येतो, तो रात्री लावून ठेवावा.

बाकी काळजी घरच्या कामावर ठरते. टास्कबार आपोआप लपणारा ठेवा, डेस्कटॉपवरची चिन्हं काढा, पाच मिनिटांनी पडदा बंद होऊ द्या. टॅलीवर दिवसाचे आठ-नऊ तास घालवणाऱ्यांनी आणि शेअर बाजारासाठी सव्वानऊ ते साडेतीन एकच वॉचलिस्ट उघडी ठेवणाऱ्यांनी सरळ आयपीएस किंवा व्हीए (हाही एलसीडीचाच प्रकार) पॅनेल घ्यावं. टॅलीची उजवीकडची बटणांची पट्टी कधी हलत नाही आणि ओलेडला न हलणारी गोष्टच नको असते. यूट्यूबचं १६:९ चित्रही रोज तासन् तास पाहिलं तर मधला भाग झिजतो, बाजूचे काळे पट्टे कोरे राहतात. तीन वर्षांच्या वॉरंटीत बर्न-इन धरलेलं आहे. बिलावर सिरियल नंबर आहे ना आणि बदलीचा माल घरी येतो की नेऊन द्यावा लागतो, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.

गेमसाठी पिक्सेल मोजा: हे ४९.५ लाख, साध्या २५६० गुणिले १४४० चे ३६.९ लाख. म्हणजे ग्राफिक्स कार्डावर एक तृतीयांश जास्त भार. पीएस५ हा गेम कन्सोल रुंद चित्र देत नाही, दोन्ही बाजूंना काळं राहतं. व्हीआरआर (मॉनिटरचा वेग गेमच्या वेगाशी जुळवणारी सोय) चालू असताना फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला येणारी चित्रं, खालीवर झाला तर गडद दृश्यांत आणि लोडिंगच्या वेळी उजेड लुकलुकतो. तो पॅनेलचा दोष समजून परत करू नका, कार्डाला झेपेल त्या आकड्यावर फ्रेम रेट बांधा. एचडीआरसाठी (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र) मेनूतला ट्रू ब्लॅक पर्याय बरा. पीक १००० मध्ये छोटा उजेड डोळे दिपवतो, पण पांढरं पान उघडलं की अख्खा पडदा मंदावतो. साध्या कामाला एचडीआर बंद ठेवावं. विंडोज, ऑल्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबली की ते बंद-चालू होतं.

किमतीबद्दल एकच. ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. जुन्या दराने काढलेलं कोटेशन हातात आलं तर नवं मागा.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा मॉनिटरमागे भिंतीपासून किमान १० सेंमी जागा सोडा, उष्णतेने ओलेडचं आयुष्य लवकर सरतं. त्याच दिवसांतली वाऱ्याची धूळ पडद्यावर बसते. या पॅनेलचा लेप मऊ आहे. कोरड्या फडक्याने धूळ घासली तर बारीक चरे पडतात आणि ते जात नाहीत. आधी हवा मारायच्या रबरी फुग्याने धूळ उडवा, मग मायक्रोफायबरचं कापड डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलं करून एकाच दिशेने, दाब न देता फिरवा. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, क्षारांचे डाग राहतात. काच पुसण्याचा स्प्रे तर खोलीतही आणू नका.