एमजीबीचे गिअर किती आरपीएमला बदलायचे? हिवाळा-उन्हाळा चालवून झाल्यावर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच देऊन टाकते. गिअर सोडताना आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा कुठे आहे ते बघत बसू नका, पुढचा गिअर पडल्यावर तो कुठे येऊन थांबतो ते बघा. माझ्या गाडीत तो २५००च्या खाली गेला की गाडी ओढायला कुरकुरते. बाकी सगळा हिशेब यातूनच निघतो.

गाडी म्हणजे १९७१ची, उघड्या टपाची एमजीबी, एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार. १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, चार गिअर आणि वर लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारी जास्तीची पायरी. मी ऑक्सफर्डजवळ राहते. १९६२ ते १९८० या गाड्या जिथे बनल्या ते अ‍ॅबिंग्डन इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे रस्त्यात एखादी एमजीबी समोरून येतेच आणि हात हलवावा लागतो. स्पीडोमीटर मैलांचा आहे, पण आकडे आपल्या किलोमीटरमध्ये देते.

टॅकोमीटरचा, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या डायलचा, लाल पट्टा ६०००ला सुरू होतो आणि तो बघून बरेच जण चेकाळतात. कागदावर ९५ हॉर्सपॉवर ५४००ला मिळतात हे खरंच, पण टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, सगळ्यात जास्त आहे ती ३०००ला. इंजिन जुन्या वळणाचं, लांब स्ट्रोकचं, म्हणजे पिस्टनची एका दिशेची धाव लांब: ८८.९ मिलिमीटर. म्हणजे ६०००ला पिस्टन सेकंदाला सरासरी १८ मीटरच्या आसपास धावतो. पन्नाशी उलटलेल्या लोखंडी इंजिनाकडून मी ते रोज मागणार नाही. १९६४च्या अखेरीपासून क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याला) तीनऐवजी पाच बेअरिंगं आली, म्हणून माझी गाडी ५०००लाही शांत असते. पण त्यापुढे आवाज जितका वाढतो तितका वेग वाढत नाही.

बाबा उन्हाळ्यात आले होते. बॉनेट उघडल्यावर दोन मिनिटं नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, हे तर आपल्या अँबॅसिडरचंच आहे!" बरोबर होतं त्यांचं. अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच बी-सिरीज घराण्यातलं. स्ट्रोक तोच, सिलिंडर तेवढे इथे जास्त रुंद. मग गाडीत बसल्यावर ४५च्या वेगाला सुरू झालं, "टॉपला टाक की आता, पेट्रोल कशाला जाळतेस?" आपल्याकडे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हेच शिकवतात, मीही तेच शिकले. त्यांच्या समाधानासाठी टाकला टॉप. काटा १५५०च्या आसपास. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर गिअरचा दांडा तळहाताखाली थरथरायला लागला, डॅशबोर्डचा कुठलासा स्क्रू वाजायला लागला आणि चढ लागताच इंजिनाने नॉक मारली, म्हणजे आतून ठोके यायला लागले. बाबांनीच हात केला, "घे, घे, तिसरा घे." कमी आरपीएमला थ्रॉटल पूर्ण उघडणं हे बेअरिंगांना ४०००ला मोकळं पळण्यापेक्षा जास्त महागात पडतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पेट्रोलचं म्हणाल, तर मला फरक जाणवण्याइतका पडला नाही.

आता आकडे. माझ्या गिअरबॉक्सचे रेशो (बाहेर एक फेरा व्हायला इंजिनाचे किती फेरे लागतात ते) ३.४४, २.१७, १.३८ आणि १. पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम साधारण ३६-३७ टक्के पडतात, तिसऱ्यातून चौथ्यात मात्र २७-२८ टक्केच. म्हणून "सगळे गिअर ३०००ला बदला" हा सल्ला या गाडीला लागू पडत नाही. ३०००ला दुसरा टाकला तर काटा १९००वर आदळतो आणि गाडी क्षणभर मेल्यासारखी होते. पहिले दोन बदल मी ४०००ला करते, काटा २५००च्या किंचित वर येतो. तिसऱ्यातून चौथा ३५००ला पुरतो, तिथेही २५०० सापडतात. ४०००ला दुसऱ्यात वेग असतो ५३ आणि ३५००ला तिसऱ्यात ७३-७४, म्हणजे गावातल्या रस्त्यांवर चौथ्याचं काम नाहीच. ओव्हरटेक करायचा असेल तर ५००० खुशाल.

ब्रॉडवेच्या वरचा फिश हिलचा चढ ही या हिशेबाची खरी परीक्षा. तिथे ६५च्या वेगाला चौथ्यात २२५० होतात आणि वेग गळत जातो. तिसऱ्यात त्याच वेगाला ३१००, अगदी टॉर्कच्या तोंडावर, आणि गाडी अ‍ॅक्सिलरेटर न वाढवता वर जाते. वळणाआधीच तिसरा घेऊन ठेवायचा.

थंडीत वेगळं पथ्य. या गिअरबॉक्समध्ये इंजिनचंच २०डब्ल्यू-५० ऑइल असतं आणि ते थंड असताना दुसरा गिअर अडतो. जोर लावू नका. न्यूट्रलमध्ये अर्धा क्षण थांबून मग टाकला की पडतो. ऑइल तापेपर्यंत मी ३०००च्या वर जात नाही, मग गाडी कुरकुरली तरी चालेल, फक्त थ्रॉटल हलका ठेवायचा.

ओव्हरड्राइव्ह नसलेली एमजीबी घेऊ नका. रेशो ०.८२, क्लच न दाबता नुसत्या स्विचने पडतो, आणि माझ्या गाडीत तिसऱ्यावरही चालतो. मी तो चौथ्यात ९०च्या पुढेच लावते, कारण तिथे काटा ३१०० वरून २५५०ला उतरतो. त्याआधी लावण्यात अर्थ नाही. काढताना मात्र पाय अ‍ॅक्सिलरेटरवर हवा, नाहीतर मागच्या चाकांना झटका बसतो. मोटरवेवर १०० ला ३४५०ऐवजी २८५० आरपीएम झाले की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता येतं.

गिअर खाली घेताना हाच हिशेब उलटा: ५०ला तिसऱ्यातून दुसऱ्यात जाताना २४०० वरून ३७५०ला जायचं असतं. क्लच दाबलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरला एक टिचकी दिली की दांडा आपोआप आत जातो. सिंक्रोच्या (गिअरचे वेग जुळवणाऱ्या कड्यांच्या) भरवशावर ढकलला तर जातो, पण गिअरबॉक्सचं आयुष्य कमी करून.

हे आकडे वापरण्याआधी तुमचा टॅकोमीटर तपासा. सपाट रस्त्यावर, ओव्हरड्राइव्ह बंद ठेवून, चौथ्यात मोबाइलच्या जीपीएसवर १०० धरा आणि शेजारच्याला काटा वाचायला सांगा. मूळ मापाचे टायर असतील तर ३४५०च्या आसपास यायला हवेत. माझा टॅकोमीटर दोनशेने जास्त दाखवतो; वरचे सगळे आकडे ते वजा करून दिले आहेत.