जुन्या कमिन्स रामचं लॉक-अप लागतंय-सुटतंय: अल्टरनेटर, सेन्सर, स्विच की गिअरबॉक्स, आधी पैसे कुठे घालायचे?

अमेरिकेत सेकंड हँड डिझेल पिकअप घेणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितोय. १९९८ ते २००२ मधली डॉज राम, ५.९ लिटरचं २४ व्हॉल्व्ह कमिन्स इंजिन आणि त्याला ४७आरई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ही जोडी अजूनही भरपूर चालते आणि यातल्या बऱ्याच गाड्यांना कधी ना कधी हा एकच त्रास होतो. हायवेवर ५०-६० मैलाला पाय स्थिर, रस्ता सपाट, आणि टॅकोमीटरचा काटा मात्र दोन-तीनशे आरपीएम सारखा वर-खाली. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाला गिअरबॉक्सशी तेलातून जोडणारा भाग, आणि लॉक-अप म्हणजे त्याच्या आतला क्लच, जो दोघांना थेट जोडतो. हे लॉक-अप लागतंय, सुटतंय, परत लागतंय. गॅरेजमध्ये नेली की बरेचदा पहिलं उत्तर येतं ट्रान्समिशन (म्हणजे गिअरबॉक्स) रिबिल्ड करा, म्हणजे काही हजार डॉलर. माझं मत अगदी स्पष्ट आहे, ट्रान्समिशनचा पॅन खोलायच्या आधी बॉनेट उघडा.

पण त्याच्याही आधी हे लॉक-अपच आहे ना ते नक्की करा. तिसरा गिअर १:१ आणि ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर, ०.६९, म्हणजे गिअर बदलत असेल तर काटा २६०० वरून थेट १८०० ला येणार, लॉक-अपचा फरक त्यापेक्षा खूप छोटा असतो. रिकाम्या रस्त्यावर लॉक लागलेलं असताना ब्रेक पेडलला नुसता हलका स्पर्श करा, लॉक सुटून आरपीएम तेवढेच वर गेले पाहिजेत. मग ओव्हरड्राइव्ह ऑफचं बटण दाबून बघा, लॉक-अप तिसऱ्यातही लागतं, तिथेही काटा तसाच नाचत असेल तर गिअरचा विषय सोडून द्या.

आता अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनरेटर. याच्यावर जास्त लिहितोय कारण सगळ्यात स्वस्त तपासणी हीच आहे आणि सगळ्यात जास्त वेळा हीच राहून जाते. लॉक लावायचं की सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि त्यासाठी तो स्पीड, इंजिनचं तापमान आणि मुख्य म्हणजे एक्सिलरेटर पेडलच्या सेन्सरचा सिग्नल बघतो. हा सिग्नल पाच व्होल्टच्या आतला. अल्टरनेटरमधला एसीचा डीसी करणारा डायोड कमजोर झाला की डीसीमध्ये एसी मिसळायला लागतो, ती विजेची खरखर वायरिंगमधून या सिग्नलवर चढते आणि कॉम्प्युटरला वाटतं ड्रायव्हर पाय हलवतोय, म्हणून तो लॉक सोडतो. क्लच, त्याला लावणारा-सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह (सोलेनॉइड), तेल सगळं ठणठणीत असतानाही हे होतं. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, चार्जिंग १४ व्होल्ट व्यवस्थित दिसतं, बॅटरीचा दिवा लागत नाही, पार्टच्या दुकानातही अल्टरनेटर पास होऊ शकतो कारण तिथे नुसतं चार्जिंग बघितलं तर डायोडची गडबड सुटून जाते.

म्हणून साधा मल्टीमीटर घ्या, एसी व्होल्टवर लावा, इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, आणि अल्टरनेटरच्या मागच्या मोठ्या बोल्टपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा. ०.१ व्होल्टच्या खाली पाहिजे, वर असेल तर संशय धरा. पक्कं करायचं तर इंजिन गरम करून बंद करा, अल्टरनेटरचा फील्डचा छोटा प्लग काढा आणि दिवसा, दिवे-एसी बंद ठेवून, दोन बॅटऱ्यांवर छोटी चक्कर मारा. इंजिन गरम असणं महत्त्वाचं, थंडीत इंजिनात जाणारी हवा तापवणारा ग्रिड हीटर बॅटरी पिऊन टाकतो. बॅटरीचा दिवा लागेल, चार्जिंगचा कोड पडेल, ते नंतर पुसता येतं. काटा नाचायचा थांबला तर दोष इंजिनाच्या बाजूला सापडला, ट्रान्समिशनला हात लावू नका. नवीन किंवा रीबिल्ट अल्टरनेटर बसवलात तरी लगेच एसी मोजा, तोही खराब निघू शकतो. सोबत दोन्ही बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह केबल आणि अर्थचे जोड घासून साफ करा.

पेडलचा सेन्सर विरुद्ध अल्टरनेटर, हे बिनपैशाचं ओळखायचं असेल तर बघा त्रास कशाबरोबर बदलतो. दिवे-ब्लोअर लावले की वाढतो, बंद केले की कमी होतो, तर विजेची गडबड. पेडलच्या एका ठराविक जागेवरच होतो, किंवा मध्येच पेडल मेल्यासारखं वाटतं, तर सेन्सर. इंजिन बंद, चावी ऑन ठेवून पेडल हळूहळू दाबा आणि सिग्नलचा व्होल्टेज बघा, सलग चढला पाहिजे, मध्ये खड्डा नको. सेन्सर अल्टरनेटरइतकाच किंवा जास्त महाग पडू शकतो म्हणून अंदाजाने बदलू नका, बदललात तर चावी ऑन करून पेडल सावकाश तळापर्यंत नेऊन परत सोडा, म्हणजे कॉम्प्युटर नवी रेंज शिकतो.

लॉक-अपचा हाताने चालवायचा स्विच बरेच जण लावतात. निदानासाठी मला तो आवडतो: स्विचने लॉक केलं आणि चढावर लोडमध्येही आरपीएम पक्के राहिले तर क्लच धरतोय हे कळलं. इलाज म्हणून मात्र नको. सिग्नलला थांबताना विसरलात तर इंजिन बंद पडू शकतं, आणि लॉक ठेवून गिअर खाली उतरले की तो सगळा धक्का आतल्या शाफ्टवर जातो.

गिअरबॉक्सचं काम खरंच कधी? काटा वर-खाली न होता लोडमध्ये हळूहळू वर सरकत जातो, म्हणजे क्लच घसरतोय. गिअरबॉक्सचं तेल काळं, जळका वास, पॅनमध्ये धातूचा चुरा. पॉवर वाढवणारी चिप बसवलेली आहे, कारण मूळ एक-डिस्कचा कन्व्हर्टर तो जास्तीचा टॉर्क फार दिवस सहन करत नाही. पी०७४० हा लॉक-अपच्या बिघाडाचा कोड असेल तर तोही धरा, पण त्याआधी ट्रान्समिशनवरचा वायरिंगचा प्लग तेलाने भिजलाय का, सैल आहे का ते बघा. चावी पटापट ऑन-ऑफ-ऑन-ऑफ-ऑन केली की कोड ओडोमीटरवर दिसतात. गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी इंजिन गरम, चालू आणि न्यूट्रलमध्ये बघायची, पार्कमध्ये नाही, आणि तेल एटीएफ+४ च. हे सगळं बघूनही रिबिल्ड ठरलंच तर ट्रिपल डिस्क कन्व्हर्टर आणि चांगली व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब वळवून गिअर बदलणारा भाग) एकाच वेळी करा, आणि गाडी गॅरेजमधून बाहेर काढायच्या आधी अल्टरनेटरचा एसी परत एकदा मोजा, नाहीतर ती विजेची खरखर नव्या क्लचलाही पहिल्या दिवसापासून तशीच लावत-सोडत राहील.