'फुकट' आयफोन आणि ३६ महिन्यांचे कुलूप

२०२२च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील एडिसन येथे एका मोठ्या मोबाइल कंपनीच्या दुकानातून मी आयफोन १४ घेतला. दुकानाच्या काचेवर त्याची किंमत मोठ्या अक्षरांत 'शून्य डॉलर' अशी लिहिलेली होती. त्या शून्याचा शेवटचा हप्ता २०२५च्या ऑक्टोबरात फिटला. फोनबद्दल माझी काही तक्रार नाही. तीन वर्षांनंतरही तो उत्तम चालतो आणि त्याच्या कॅमेऱ्याविषयी इतरांनी भरपूर लिहिले आहे. हे परीक्षण आहे ते ज्या योजनेतून तो माझ्याकडे आला त्या योजनेचे. कंपनीचे नाव मी मुद्दामच देत नाही.

योजना अशी होती. माझा जुना, धड चालणारा आयफोन ११ दुकानात जमा करायचा, नव्या फोनची ७९९ डॉलर ही किंमत ३६ हप्त्यांत विभागायची आणि दर महिन्याच्या बिलात हप्त्याइतकीच, म्हणजे सुमारे २२ डॉलरची सूट मिळवायची. बिलावर हप्ता एका ओळीत वाढतो आणि पुढच्याच ओळीत वजा होतो, म्हणून 'फुकट'. अट एवढीच की कंपनीचा वरच्या दर्जाचा प्लॅन घ्यायचा आणि तो ३६ महिने सोडायचा नाही. विक्रीकर मात्र सवलतीच्या किमतीवर नव्हे, तर पूर्ण ७९९ डॉलरवर त्याच दिवशी भरावा लागला. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे, म्हणजे ५३ डॉलर झाले. त्याशिवाय फोन सुरू करून देण्याचे ३५ डॉलर. फुकटच्या वस्तूसाठी दुकानातच ८८ डॉलर मोजून मी बाहेर पडले, तेव्हाच खरे तर थोडे थांबून हिशेब करायला हवा होता.

तो हिशेब मी तीन वर्षांनी, सगळी बिले समोर ठेवून केला. वरचा प्लॅन मला महिना ८५ डॉलरला पडत होता. माझ्या वापराला पुरेसा असलेला खालचा प्लॅन त्याच कंपनीत ६५ डॉलरला मिळत होता. महिना २० डॉलरप्रमाणे ३६ महिन्यांचे ७२० झाले. त्यात कर आणि सुरुवातीचे शुल्क मिळवले की ८०८. आता दुसरी बाजू पाहू. हाच फोन ॲपलकडून कोणत्याही कंपनीशी न जोडता, मोकळा घेतला असता तर त्याची किंमत ८२९ डॉलर होती. कंपनीशी जोडून घेतल्यास ७९९ आणि मोकळा हवा असल्यास ३० डॉलर जास्त, असा तो दरपत्रकातला साधासरळ फरक होता. करासह ८८४ डॉलर झाले असते. म्हणजे 'फुकट' फोनने माझे वाचवले ७६ डॉलर, आणि त्यासाठी मी जो जुना फोन दिला, त्याचे बाहेर २०० डॉलर सहज आले असते. उरलेला हिशेब वाचकांनीच करावा.

पण या योजनेची खरी किंमत डॉलरमध्ये मोजता येत नाही. फोनला नेटवर्कचे कुलूप असते, म्हणजे त्या कंपनीखेरीज दुसऱ्या कोणत्याही कंपनीचे सिम तो स्वीकारत नाही. फोनचे सगळे पैसे फिटल्यावर कुलूप काढून मिळेल, असे करारात लिहिलेले असते आणि ते वाचताना रास्तही वाटते. मग मी विचार केला की उरलेले पैसे एकदम भरून मोकळे व्हावे. ग्राहकसेवेतील बाईंनी अत्यंत सौजन्याने सांगितले की तसे जरूर करता येईल. मात्र मुदतीआधी पैसे फेडले तर उरलेल्या महिन्यांची सूट रद्द होईल. म्हणजे फोन फुकट हवा असेल तर कुलूप तीन वर्षे राहणार आणि कुलूप काढायचे असेल तर फोन फुकट राहणार नाही. दोन्ही अटी करारात वेगवेगळ्या पानांवर आहेत, प्रत्येक अट स्वतंत्रपणे वाचली तर निर्दोष आहे, आणि दोन्ही एकत्र आल्या की ग्राहक दोन्हींच्या मध्ये बरोबर अडकतो. इतकी निर्दोष अडवणूक रचणाऱ्याचे कौतुकच करावेसे वाटते. सगळ्याच कंपन्यांची तऱ्हा सारखी नव्हती, हेही सांगायला हवे. मी फोन घेतला त्या काळात व्हेरायझनच्या फोनचे कुलूप ६० दिवसांनी आपोआप निघत असे, हप्ते चालू असले तरीही. हे मला दुकानात शिरण्याआधी ठाऊक असते तर बरे झाले असते.

ज्याला अमेरिकेबाहेर जायचेच नाही, त्याला हे कुलूप कदाचित कधी जाणवणारही नाही. मला ते २०२३च्या दिवाळीत पुण्यात जाणवले. आईकडे जपून ठेवलेले माझे भारतीय सिम या फोनमध्ये घालावे म्हणून मी कोथरूडच्या एका दुकानात गेले. तिथल्या मुलाने सिम काढायची पिन हातात घेतली, फोन उलटसुलट फिरवला, डाव्या कडेवरून बोट फिरवले, मग उजवीकडची लांबट पट्टी नखाने चाचपून पाहिली आणि म्हणाला, "ताई, याला सिमचा कप्पाच नाही." त्याचे खरे होते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ला ॲपलने सिमचा कप्पा ठेवलेलाच नाही. त्यात फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेले, बाहेर न काढता येणारे सिम चालते. उजवीकडची पट्टी ही अमेरिकेतल्या अतिवेगवान ५जीसाठीची अँटेनाची खिडकी आहे आणि कोथरूडमध्ये तिचा उपयोग शोभेपुरताच. मग ई-सिम करून घ्यावे असे ठरले. त्याआधी त्या मुलाने सेटिंग्जमध्ये 'जनरल' आणि त्यात 'अबाऊट' उघडून 'कॅरिअर लॉक'ची ओळ दाखवली. मोकळ्या फोनमध्ये तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असे लिहिलेले असते. माझ्या फोनमध्ये 'सिम लॉक्ड' होते. "ई-सिम करून देतो, पण चालणार नाही. उगाच जुने सिम बंद पडेल," असे त्याने बजावले आणि एक पैसाही घेतला नाही. ज्या दुकानातून फोन घेतला, तिथे मला इतके स्पष्ट कोणी सांगितले नव्हते.

एका सिमने एवढे काय अडते, असे अमेरिकेतील मित्र विचारतात. भारतातले बँकखाते ज्या क्रमांकाशी जोडलेले आहे, त्याच क्रमांकावर ओटीपी येतो. यूपीआयचे ॲप सुरू करताना तर त्याच फोनमधल्या सिमवरून बँकेकडे एक संदेश जावा लागतो, तेव्हाच फोन आणि खाते यांची जोडी जुळते. सिमच स्वीकारले जात नाही म्हटल्यावर भाजीवाल्याच्या क्यूआर कोडसमोर हा महागडा फोन केवळ आरसा म्हणून उपयोगी पडतो. ती संपूर्ण दिवाळी मी दोन फोन घेऊन फिरले. एक चमकदार आयफोन फोटो काढायला आणि एक चिरा गेलेला जुना अँड्रॉइड पैसे द्यायला.

एक गोष्ट मात्र या सेवेच्या बाजूने नोंदवली पाहिजे. वाय-फाय कॉलिंग सुरू ठेवून आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकून मी आईच्या घरच्या वाय-फायवरून अमेरिकेतील डॉक्टरांपासून शाळेपर्यंत सगळीकडे नेहमीच्या क्रमांकावरून बोलले, आणि त्याचे वेगळे पैसे लागले नाहीत. ही सोय घरून निघण्यापूर्वीच चालू करावी लागते, आणि तेव्हा अमेरिकेतला एक पत्ता आपत्कालीन सेवेसाठी नोंदवावा लागतो. आवाज स्वच्छ होता. एकदा एअरप्लेन मोड लावायचा राहिला, फोनने गुपचूप थोडा डेटा वापरला आणि त्या दिवसाच्या रोमिंगचे १० डॉलर बिलात लागले; तो दोष अर्धा माझाच.

हॉटस्पॉटचा अनुभव मात्र चमत्कारिक आहे. भारतात फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप जोडताना आपण कोणाची परवानगी घेत नाही. आपला डेटा, आपण कुठेही वापरावा. माझ्या 'अमर्याद' प्लॅनमध्ये फोनवरचा डेटा अमर्याद असला तरी हॉटस्पॉटवरच्या डेटाला महिन्याची ठरावीक मर्यादा होती आणि ती ओलांडली की वेग इतका उतरत असे की ईमेलमधले एक चित्र उघडेपर्यंत चहा होऊन जाई. हवेतून येणारा डेटा तोच, टॉवर तोच, फोन तोच. फरक एवढाच की तो शेवटी कोणत्या पडद्यावर दिसतो. यात तंत्राची अडचण कमी आणि दरपत्रकाची सोय जास्त आहे.

ही खोड जुनी आहे. २००४मध्ये व्हेरायझनने मोटोरोला व्ही७१० हा ब्लूटूथ असलेला फोन आणला, पण ब्लूटूथवरून फोटो संगणकावर पाठवण्याची सोय त्यात बंद करून ठेवलेली होती; ग्राहक न्यायालयात गेले आणि कंपनीला तडजोड करावी लागली. २००८चा ब्लॅकबेरी स्टॉर्म तर वाय-फायशिवायच आला. २०१२मध्ये एटी अँड टीने मोबाइल डेटावरून फेसटाइम, म्हणजे आयफोनवरचा व्हिडिओ कॉल, करण्याची मुभा सुरुवातीला फक्त ठरावीक प्लॅनच्या ग्राहकांना दिली. त्याच वर्षी हॉटस्पॉटची ॲप अडवल्याच्या प्रकरणात व्हेरायझनने अमेरिकी दूरसंचार आयोगाशी तडजोड करून साडेबारा लाख डॉलर भरले. २०१३मध्ये टी-मोबाइलने दोन वर्षांचे करार मोडीत काढले तेव्हा ही पद्धत संपली असे वाटले होते. पण करार गेले आणि हप्ते आले. २०१४च्या कायद्याने ग्राहकाला आपल्या फोनचे कुलूप काढून घेण्याचा हक्क परत मिळाला, तरी हप्ते चालू असताना ते काढून देण्याची सक्ती त्या कायद्याने कंपन्यांवर केली नाही. माझा करार नेमका त्या फटीत उभा होता.

"येताना एक आयफोन घेऊन ये" हे वाक्य अमेरिकेतील प्रत्येक मराठी माणसाने ऐकलेले आहे, आणि त्यामागचे गणित चुकीचे नाही. आयफोन १४ भारतात ७९,९०० रुपयांना आला तेव्हा डॉलर ८० रुपयांच्या आसपास होता, म्हणजे अमेरिकेतील मोकळ्या फोनची किंमत करासह ७१ हजारांच्या घरात जात होती. पण आणायचाच असेल तर मोकळा फोन पूर्ण पैसे देऊन आणावा. पुतण्यासाठी हप्त्यावरचा 'फुकट' फोन नेणे म्हणजे त्याला कुलूपबंद पेटी देऊन किल्ली आपल्याकडे ठेवण्यासारखे आहे. शिवाय घरातील ज्येष्ठांना ई-सिम झेपणार आहे का, हेही आधी विचारावे. आईने तर स्पष्टच सांगितले, "बाहेर काढता येतं ते सिम मला कळतं."

परवानगीचा प्रश्न भारतात अजिबात नाही असेही नव्हे. ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, पण आयफोन १२पासूनच्या फोनमध्ये ५जीची अँटेना असूनही डिसेंबरमध्ये आयफोनच्या प्रणालीची आयओएस १६.२ ही आवृत्ती येईपर्यंत भारतातील ग्राहकांना ती वापरता आली नाही. तिथे निदान थांबायचे होते ते जेमतेम अडीच महिने, आणि त्यासाठी कोणी हप्ते बांधून घेतले नव्हते.

शेवटचा हप्ता गेल्यानंतर कुलूप आपोआप निघाले नाही. संकेतस्थळावर अर्ज करावा लागला, त्यात आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतंत्र ओळखक्रमांक भरावा लागला, पहिला अर्ज 'खात्यावर बाकी आहे' म्हणून परत आला, कारण शेवटचे बिल छापले गेले होते पण जमा दाखवले नव्हते. दुसऱ्या अर्जानंतर दोन दिवसांनी मंजुरीचा ईमेल आला. अशी सेवा मी पुन्हा घेणार नाही. पुढचा फोन मोकळा घेईन आणि खालच्या प्लॅनवर राहीन. ज्याच्याकडे देण्यासारखा जुना फोन मोडका आहे, ज्याला वरचा प्लॅन एरवीही लागतोच आणि ज्याला तीन वर्षांत देशाबाहेर पाऊल टाकायचे नाही, त्याला मात्र ही योजना खरोखरच स्वस्त पडेल.

डिसेंबरात पुण्याला गेले तेव्हा त्याच कोथरूडच्या दुकानात गेले. त्या मुलाने आधी सेटिंग्जमधली तीच ओळ उघडून पाहिली, मान डोलावली आणि मग ई-सिमचा अर्ज भरला. दोन-अडीच तासांनी पडद्याच्या कोपऱ्यात सिग्नलच्या दांड्यांची दुसरी ओळ उगवली. परत येताना नाक्यावर मेथीची जुडी घेतली आणि पैसे त्याच फोनवरून दिले.