परदेशी भागीदार हवाय: सरकारी करार बरा की मोठी कंपनी?

पटकथा तयार आहे, पैसा अर्धाच आहे आणि परदेशातून भागीदार आणायचा आहे. अशा निर्मात्यापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे दोन सरकारांमधला सहनिर्मिती करार. दुसरी म्हणजे नेटफ्लिक्ससारखी कंपनी, जिचा आज राजदूतासारखा मान ठेवला जातो. एप्रिल २०२३ मध्ये दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष अमेरिकेला गेले, तेव्हा नेटफ्लिक्सचे सह-सीईओ टेड सॅरंडोस त्यांना भेटले आणि कोरियात चार वर्षांत २५० कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा झाली.

कंपनीसोबत पैशासाठी दहा ठिकाणी जावं लागत नाही. डबिंग, सबटायटल, जगभरचं प्रदर्शन सगळं तीच बघते. पण हक्कांचं काय? ‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेचा २०२१ मधला पहिला सीझन सुमारे २ कोटी १४ लाख डॉलरमध्ये झाला. ब्लूमबर्गच्या हाती लागलेल्या कागदपत्रांनुसार कंपनीच्या लेखी त्याचं मोल ९० कोटी डॉलरच्या आसपास होतं. हक्क कंपनीचे, त्यामुळे वाढलेली कमाईही तिचीच. कोरियात यावरून बरीच चर्चा झाली, आणि ती रास्तच होती.

कराराच्या वाटेवर कागद फार आणि वेळ त्याहून जास्त. दोन्ही देशांच्या मान्यता लागतात, दोन्हीकडून पैसा आणि माणसं घालावी लागतात. आपल्याकडचं अनुदान खर्चाचा परतावा म्हणून मिळतं, म्हणजे आधी रक्कम उभी करणं आलंच. पण चित्रपट दोन्ही देशांचा ठरतो. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला भारत-फ्रान्स करारानुसार अधिकृत दर्जा मिळाला. मुंबई आणि रत्नागिरीत चित्रीकरणाची परवानगी मिळाली, पात्र खर्चाच्या ३० टक्के अनुदानाला अंतरिम मंजुरीही मिळाली. २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळाला. पुढे भारताने ऑस्करसाठी दुसरा चित्रपट पाठवला, तरी फ्रान्सने ऑस्करसाठी विचारात घेतलेल्या चार चित्रपटांच्या यादीत हा होता. दुसरं नागरिकत्व असं कामी येतं!

राजकारण बिघडलं की मात्र कंपनी काय, करार काय, कुणीच वाचवत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या ‘थाड’ या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेवरून चीन आणि कोरियाचं बिनसलं, आणि कोरियन मालिका नि गाण्यांना चीनची बाजारपेठ जवळपास बंद झाली. भारत-चीन सहनिर्मिती करारही २०१४ पासून आहे, पण २०२० च्या गलवान चकमकीनंतर त्याच्या भरवशावर कोण पैसे लावेल?

माझं मत स्पष्ट आहे. मालिका असेल, वेळेत पूर्ण करायची असेल आणि मेहनताना ठरलेला हवा असेल, तर कंपनी धरा. दिग्दर्शकाच्या नजरेने उभा राहणारा चित्रपट असेल आणि दोन-तीन वर्षं थांबायची तयारी असेल, तर करार. सुरुवातीला गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी भरणाऱ्या फिल्म बाजारातल्या (आता ‘वेव्हज फिल्म बाजार’) सहनिर्मिती विभागासाठी अर्ज करा. परदेशी निर्माते तिथे समोरासमोर भेटतात. आणि कंपनीशी बोलायला बसलात, तर रिमेक आणि पुढच्या भागांचे हक्क कुणाकडे राहणार, हे सही करण्याआधी लिहून घ्या.