वायफायवाला टॅब, ब्लूटूथ जीपीएस की सिमवाला टॅब: शेतात ठिकाण नीट कोण दाखवतो?

शेतीच्या नोंदींसाठी टॅब घ्यायचे ठरले आहे, पण वायफायवाला घ्यावा की काही हजार रुपये जास्त मोजून सिमवाला, याचा निर्णय होत नाही, अशा अवस्थेत मी दोन वर्षांपूर्वी होतो. पडदा, मेमरी, बॅटरी यांचे तक्ते कुठेही वाचायला मिळतात, म्हणून त्यांच्याविषयी इथे काही लिहीत नाही. माझा निर्णय नकाशावरच्या एका निळ्या ठिपक्याने केला, आणि तो ठिपका त्या काळात बरेच आठवडे पुण्यात मुक्कामाला होता.

आमची केळीची बाग चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडे, तीन तुकड्यांत आहे. ठिबकची सबमेन, म्हणजे पाणी वाटणारी जमिनीखालची नळी, कुठून गेली आहे, कोणता व्हॉल्व्ह कोणत्या बांधाजवळ आहे, ही सगळी माहिती कागदावर कधीच नव्हती. ती सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याच्या, डोक्यात होती. सालदार बदलला आणि अर्धा नकाशा त्याच्याबरोबर गेला. पाला कुजून जमिनीवर थर बसला की व्हॉल्व्हचे डोके दिसत नाही, आणि एक व्हॉल्व्ह शोधण्यात सकाळ जाते. म्हणून उपग्रहाच्या चित्रावर प्रत्येक व्हॉल्व्हची खूण करून ठेवावी असे ठरवले. फोनवर हे काम होते, परंतु उन्हात त्या लहान पडद्यावर दोन खुणा एकमेकींवर चढतात, आणि माझा चष्मा आता जाड झाला आहे.

जळगावात ज्या दुकानात टॅब घेतला तिथे मी विचारले होते, की यात जीपीएस आहे ना? दुकानदाराने नकाशा उघडला, ठिपका बरोबर त्या दुकानाच्या दारात उभा राहिला, आणि मी पैसे दिले. त्याने मला फसवले असे मी म्हणणार नाही, कारण बहुधा त्यालाही तसेच वाटत होते. वायफायवाल्या बऱ्याच टॅबमध्ये उपग्रहांचे संदेश पकडणारा भागच नसतो. तो टॅब आजूबाजूच्या राउटरांचे क्रमांक ऐकतो, इंटरनेटवरून एका मोठ्या यादीला विचारतो की हे राउटर कुठले, आणि उत्तर येईल तिथे ठिपका ठेवतो. ही यादी रस्त्याने जाणाऱ्या लोकांच्या फोनांनी नकळत भरलेली असते. बाजारपेठेत एका जागी पंधरा-वीस राउटर ऐकू येतात, त्यामुळे ठिपका अचूक बसतो. दुकानात टॅब कधीच नापास होत नाही, याचे कारण हेच.

गावातल्या घरीही तो उत्तम चालला. खोड निघाली ती मळ्यातल्या घरी. मुलगा पुण्याची नोकरी सोडून परत आला, तेव्हा कोथरूडच्या भाड्याच्या खोलीतला राउटरही सामानात घेऊन आला, आणि आम्ही तोच मळ्यातल्या नव्या जोडणीला लावला. मे महिना होता. ओट्यावर बसवत नव्हते, भिंतीवरचा तापमापक ४४ अंशांवर होता, आणि टॅबच्या कोपऱ्यात ‘पुणे, ३६ अंश’ असे शांतपणे लिहून आलेले होते. नकाशा उघडला तर ठिपका कोथरूडच्या एका गल्लीत. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर तीनशे किलोमीटरहून अधिक भरते.

त्यानंतर मी जे जे केले ते आपल्यापैकी अनेकांनी केले असेल. लोकेशन बंद करून पुन्हा चालू केले. नकाशाच्या ॲपला दिलेली परवानगी तपासली, कारण अँड्रॉइड १२ पासून ‘अचूक’ आणि ‘अंदाजे’ असे दोन पर्याय असतात आणि ‘अंदाजे’ निवडले असेल तर ठिपका साधारण ३ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात कुठेही फिरतो. परंतु माझ्याकडे ‘अचूक’च निवडलेले होते. बॅटरी बचतीचा पर्याय बंद केला, ॲपची साठवण पुसली, सिस्टीम अद्ययावत केली. शेवटी एका रविवारी सगळा टॅब कोरा करून पहिल्यापासून उभा केला, दोन तास खर्ची घातले, नकाशा उघडला, आणि ठिपका आंघोळ करून आल्यासारखा ताजातवाना होऊन पुन्हा कोथरूडच्याच गल्लीत उभा. चुलतभाऊ शेजारी बसून पाहत होता, तो म्हणाला, ‘‘तुमना टॅब तं अजून पुनामाच शे, भाऊ.’’ त्याचा स्वतःचा फोन त्याच ओट्यावर, त्याच राउटरवर, मळा बरोबर दाखवत होता, कारण फोन उपग्रहांना विचारत होता आणि माझा टॅब राउटरला.

उलगडा झाला तो वीज गेल्यामुळे. राउटर बंद पडला आणि पुणेही गेले. त्याच्या जागी ‘ठिकाण सापडत नाही’ असे आले. मळ्यात ऐकू येणारा राउटर तो एकच, आणि यादीत त्याचा पत्ता अजून कोथरूडचा. गावातल्या घरी शेजारचे आठ-दहा राउटर साक्षीला होते. मळ्यात एकट्या साक्षीदाराची साक्ष, तीही जुनी. मी वायफायचे नाव बदलून पाहिले, त्याचा उपयोग झाला नाही, कारण यादीतली ओळख नावावरून ठरत नाही, ती राउटरच्या आत कोरलेल्या क्रमांकावरून ठरते. नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि ‘नोमॅप’ हे शेपूट इंग्रजी अक्षरांत जोडले की तो राउटर यादीतून वगळला जातो, हे नंतर समजले. तसे केले, काही दिवसांनी पुणे खरोखरच गेले, पण चोपडा काही आला नाही. येणार कुठून, विचारायला दुसरा राउटरच नव्हता.

म्हणून ठिपका चुकीच्या गावात दिसत असेल, तर सेटिंग्जच्या जंगलात शिरण्याआधी राउटर बंद करून पाहावा, असे मी सुचवेन. ठिपका गावातच असून एक-दोन किलोमीटर सरकलेला असेल, तर परवानगी ‘अंदाजे’ आहे का ते पाहावे आणि लोकेशनच्या पानावरचे वायफाय स्कॅनिंग चालू करावे. या दोन उपायांपलीकडे जे काही आहे, त्यात माझा तरी फक्त वेळ गेला.

आता शेताचा विचार. वायफायवाला टॅब फोनच्या हॉटस्पॉटवर चालवू, मग सिमचे पैसे कशाला, असा हिशेब मीही केला होता. हॉटस्पॉटमधून इंटरनेट येते. अँड्रॉइड फोनला माहीत असलेले ठिकाण त्यातून टॅबकडे आपोआप येत नाही. फोनचा हॉटस्पॉट फिरता असल्यामुळे यादीलाही तो कामाचा नाही. बांधावर उभे राहिलो की नकाशावर ठिपका उमटत नसे, आणि ठिकाण विचारणारी संकेतस्थळे इंटरनेटच्या पत्त्यावरून मला मुंबईचा रहिवासी ठरवत. शिवाय आमच्या वरच्या तुकड्यात नेटवर्कच धड येत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला तर चित्र दिसते, पण त्यावर आपण कुठे उभे आहोत हे सांगणारे कोणी नसते. ज्यांच्याकडे हा टॅब आहे आणि ज्यांना अधूनमधूनच ठिकाण लागते, त्यांनी फोनवर ठिकाण पाहून टॅबवर हाताने खूण करावी. ते कंटाळवाणे आहे, पण फुकट आहे.

दुसरा मार्ग मी तीन महिने वापरला: ब्लूटूथने जोडायचा वेगळा जीपीएस. काडेपेटीहून थोडा मोठा डबा, खिशात ठेवायचा, तो उपग्रह ऐकतो आणि टॅबला सांगतो. अचूकतेबाबत माझी त्याच्याविषयी काहीही तक्रार नाही. माझ्या अनुभवात तो फोनपेक्षा लवकर स्थिरावला, अर्थात मी काही फूटपट्टी घेऊन मोजलेले नाही. परंतु अँड्रॉइड टॅबला या डब्याचे म्हणणे सगळ्या ॲपांपर्यंत पोहोचवायचे असेल, तर डेव्हलपर ऑप्शन्स, म्हणजे सेटिंग्जमधले ॲप बनवणाऱ्यांसाठीचे लपलेले पान, उघडून ‘मॉक लोकेशन’ म्हणजे नकली ठिकाण देणारे ॲप म्हणून त्या डब्याच्या ॲपची नेमणूक करावी लागते. खरे ठिकाण नकली म्हणून सांगायचे, हा प्रकार मला पहिल्या दिवसापासून रुचला नाही. त्यातून माझ्या एका बँकेचे ॲप, डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की उघडायलाच नकार देत असे. खताचे पैसे पाठवायचे म्हणून ते बंद करायचे, व्हॉल्व्ह शोधायचा म्हणून पुन्हा चालू करायचे, आणि यात डबा चार्ज करायला विसरलो असेन तर सगळेच मुसळ केरात. ज्यांचा टॅब केवळ शेतासाठी आहे आणि ज्यांना चार्जिंगची शिस्त आहे, त्यांना हा मार्ग कदाचित परवडेल. हातातला चांगला टॅब फेकवत नसेल, तर मीही त्यांना हेच सांगेन.

सिमवाल्या टॅबकडे मी उशिरा वळलो, आणि वळलो तेव्हा एक गोष्ट कळून थोडा राग आला, ती म्हणजे त्यात सिम घातले नाही तरी जीपीएस चालते. उपग्रहांचे संदेश वरून खाली येतात, आपल्याकडून वर काही जात नाही, त्यामुळे त्याला रिचार्ज लागत नाही की नेटवर्क लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की ठिकाण निघते. इंटरनेट असेल तर उपग्रहांचे वेळापत्रक लगेच उतरते आणि ठिपका काही सेकंदांत येतो. नसेल तर ते वेळापत्रक उपग्रहांकडूनच ऐकावे लागते, म्हणून पहिल्यांदा थोडे थांबावे लागते. मी बांधावर टॅब चालू करतो, विहिरीच्या मोटारीकडे एक चक्कर टाकतो, परत येईपर्यंत ठिपका आलेला असतो. माझ्या टॅबमध्ये आजही सिम नाही.

यात सगळे गोड आहे असे नाही. उघड्या आकाशाखाली फोन-टॅबचे जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असते, आणि आमच्या बागेत दोन खोडांमध्ये अंतर पाच फूट. म्हणजे ठिपका व्हॉल्व्हच्या डोक्यावर नेऊन सोडत नाही. दोन-तीन ओळींच्या आत आणतो, पुढे कुदळीच्या दांड्याने पाला सारावा लागतो. बाग भरात असताना, पाने वर एकमेकांत गुंतलेली असताना, तो जास्त भटकतो असा माझा अनुभव आहे, म्हणून खुणा मी लागवडीनंतर पहिल्या दोन महिन्यांतच करून घेतो. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची सरकारी नोंद, मी अजून फोनवरच करतो. तिथे शेतात उभे राहून फोटो काढायचा असतो आणि फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात, तेव्हा सवयीचे साधन बरे. पैशांचा फरकही खरा आहे. टॅब घरातच राहणार असेल, त्यावर बाजारभाव, मुलांचा अभ्यास आणि आईचे कीर्तन एवढेच चालणार असेल, तर जास्तीचे पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही. बांध ओलांडून टॅब जाणार असेल, तर मात्र माझा कल कुठे आहे हे लपवण्यात मतलब नाही.

एक बारीक गोष्ट पाहायची राहू नये: वायफायवाल्या काही अँड्रॉइड टॅबमध्येही जीपीएस दिलेले असते. तसा मिळाला तर सिमवाल्याची गरजच राहत नाही. माहितीपत्रकात जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ अशी उपग्रह-यंत्रणांची नावे स्पष्ट लिहिलेली आहेत का ते पाहावे. नुसते ‘लोकेशन’ लिहिले असेल तर ते यादीवाले समजावे.

दुसरा टॅब घेताना मी दुकानदाराला म्हटले, की वायफाय बंद करा, लोकेशनच्या पानावरचे वायफाय आणि ब्लूटूथ स्कॅनिंगही बंद करा, आणि रस्त्यावर चला. तो थोडा नाराज झाला, पण आला. नकाशाऐवजी उपग्रह मोजणारे एक ॲप आम्ही आधीच उतरवून घेतले होते. समोरच्या मोकळ्या जागेत उभे राहिलो. पहिला मिनिटभर पडदा रिकामा होता, आणि दुकानदार माझ्याकडे व मी आकाशाकडे पाहत होतो. मग एक उपग्रह दिसला, मग तीन, मग एकदम नऊ, आणि अक्षांशाच्या रकान्यात २१ हा आकडा उमटला. मी तिथेच पैसे काढले.