छतावर ताडपत्री, फोनमध्ये खोटं तिकीट

अटलांटिकच्या चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. अमेरिकी कॉलेज फुटबॉलचा मोसम ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरात शिरतो. म्हणजे फ्लोरिडा किंवा लुइझियानातला फुटबॉलवेडा माणूस जवळजवळ सगळे शनिवार एक डोळा मैदानावर आणि एक वादळाच्या नकाशावर ठेवून काढतो. फसवणाऱ्यांना हे वेळापत्रक पाठ असतं.

२०२४ चा फ्लोरिडातला टॅम्पा आठवा. २६ सप्टेंबरच्या रात्री हेलीन हे चक्रीवादळ उत्तरेकडे बिग बेंडच्या किनाऱ्याला धडकलं आणि जाता जाता टॅम्पा बेच्या काठावरच्या घरांत समुद्र घालून गेलं. भिजलेले गालिचे रस्त्याकडेला पडलेले असतानाच, तेराव्या दिवशी, ९ ऑक्टोबरला सिएस्टा कीपाशी मिल्टन आलं आणि सेंट पीटर्सबर्गच्या ट्रॉपिकाना फील्ड स्टेडियमचं छप्परच फाडून गेलं. साउथ फ्लोरिडा विद्यापीठाचा मेम्फिसशी सामना शुक्रवारी, ११ ऑक्टोबरला टॅम्पात व्हायचा होता, तो शनिवारी १२ तारखेला ऑरलँडोच्या मैदानावर खेळवला गेला. अशा आठवड्यात घरात वीज नसते, फोनची बॅटरी वीस टक्क्यांवर असते, विमा कंपनीचा फोन लागत नाही आणि तिकिटांचं काय करायचं हेही ठरवायचं असतं. त्या दोन-तीन दिवसांत काय काय घडतं ते खाली तपशिलाने दिलं आहे.

आधी तिकीट, कारण ते पटकन आटपतं. चाहत्यांच्या गटात मजकूर येतो: "घरात पाणी शिरलंय, सामन्याला येणं शक्य नाही, चार तिकिटं निम्म्या किमतीत देतो." खातं खऱ्या चाहत्याचं असतं, फक्त चोरलेलं. जुने फोटो, संघाची टोपी, सगळं जागच्या जागी. विभाग, रांग आणि आसनक्रमांक दिसणारा स्क्रीनशॉट येतो आणि पाठोपाठ "झेलने पैसे टाका, लगेच ट्रान्स्फर करतो." झेल म्हणजे बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची अमेरिकी सेवा. पैसे गेले की दुसरा फेरा सुरू होतो: "माझं खातं बिझनेसचं आहे, ३०० डॉलर अजून टाकल्याशिवाय रक्कम सुटत नाही, ते लगेच परत करतो." सोबत झेलच्या नावाने बनवलेला खोटा ईमेलही येतो. पहिल्या फेऱ्यात सावध असलेली माणसंही इथे अडकतात, कारण आता आधीचे पैसे सोडवायचे असतात.

स्क्रीनशॉटला दारावर किंमत नाही. आजच्या मोबाइल तिकिटांपैकी पुष्कळांचा बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो, काही ठिकाणी तर बारकोडच नसतो आणि फोन यंत्राजवळ धरावा लागतो. खरा व्यवहार असा होतो: विकणारा त्याच्या तिकीट खात्यातून ट्रान्स्फर सुरू करतो, तुम्हाला दुवा येतो, तुम्ही तुमच्याच खात्यात लॉगिन करून तो स्वीकारता आणि तिकीट तुमच्या नावावर दिसतं. त्या क्षणी विकणाऱ्याकडचं तिकीट मरतं. तुम्ही स्वीकारेपर्यंत पाठवणारा ट्रान्स्फर रद्द करू शकतो, म्हणून "पाठवलंय बघा" या वाक्याला अर्थ नाही. दुवाही ईमेलमधून उघडू नका, ॲप स्वतः उघडून तिकीट तिथे आलंय का ते पाहा. आधी तिकीट, मग पैसे. हा क्रम विकणाऱ्याला मान्य नसेल तर अधिकृत पुनर्विक्रीच्या ठिकाणी क्रेडिट कार्डाने घ्यावं. शुल्क जास्त बसतं, बसू द्या. पेपाल वापरायचंच तर 'फ्रेंड्स अँड फॅमिली' नको, त्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं. विद्यार्थ्यांची तिकिटं अनेक विद्यापीठांत ओळखपत्राला जोडलेली असतात, ती बाहेरच्याला चालतच नाहीत. पुण्या-नाशिकहून शिकायला गेलेली मुलं मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात "ओळखीच्याच्या ओळखीचा आहे" एवढ्यावर पैसे टाकतात. पण मध्ये दोन माणसं असली की ती ओळख राहत नाही.

दुसरा सापळा खऱ्या तिकिटातही असतो. वादळात सामन्याचं तीनपैकी एक होतं: रद्द, पुढे ढकलला किंवा दुसऱ्या गावी हलवला. २०१७ मध्ये अर्मामुळे फ्लोरिडा विरुद्ध नॉर्दर्न कोलोरॅडो हा सामना रद्दच झाला, तर मायामी विरुद्ध फ्लोरिडा स्टेट १६ सप्टेंबरवरून ७ ऑक्टोबरला गेला. २०१६ मध्ये मॅथ्यू आलं तेव्हा एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) विरुद्ध फ्लोरिडा ८ ऑक्टोबरला फ्लोरिडाच्या घरी गेन्सव्हिलला होता, तो १९ नोव्हेंबरला थेट बॅटन रूजमध्ये, म्हणजे एलएसयूच्या घरी खेळला गेला. अशा वेळी विद्यापीठ पैसे परत करतं ते ज्याच्या खात्यावर तिकीट मुळात काढलेलं आहे त्याला. तुम्ही कुणा व्यक्तीकडून दुप्पट भावाने घेतलं असेल तर छापील किंमत त्याच्या कार्डावर परत जाते आणि तो तुम्हाला काही देणं लागत नाही, निदान त्याच्या मते. तिकीट घेतानाच संदेशात लिहून घ्या: "सामना रद्द झाला किंवा दुसरीकडे हलवला तर पूर्ण रक्कम परत." पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर साधारणपणे रद्द झाल्यास परतावा मिळतो, नुसता पुढे ढकलल्यास तेच तिकीट नव्या तारखेला चालतं. परताव्यासाठी इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधून जो पहिला क्रमांक दिसेल तो फिरवू नका. पलीकडचा गोड आवाज तुम्हाला आलेला सहा अंकी कोड विचारतो, आणि त्या कोडने तुमचं तिकीट खातंच त्याच्याकडे जातं.

आता घर. इथे रक्कम शेकड्यांत राहत नाही.

वादळानंतर दोन-तीन दिवसांत दुसऱ्या राज्याच्या नंबरप्लेटचे ट्रक गल्लीत फिरू लागतात. माणूस शिडी घेऊनच दारात येतो: "शेजारच्यांचं छत करतोय, तुमचंही फुकट बघतो." तुम्ही खाली, तो वर. दहा मिनिटांनी फोनवर दुमडलेल्या शिंगल्सचे, म्हणजे छतावरच्या पातळ आच्छादन-पट्ट्यांचे फोटो दाखवतो. फोटो खरे असतात, पण दुमडलंय कुणी? वाऱ्याचा उपसा सगळ्यात जास्त कोपऱ्यांवर, वळचणीला आणि आढ्यापाशी असतो, त्यामुळे खरं नुकसान बहुधा तिथूनच सुरू होतं. पाख्याच्या मधोमध, शिडीवरून सहज हात पोचेल तिथे, एकाच रेषेत चार-सहा शिंगल्स दुमडलेल्या आणि घडीत धुळीचा कण नाही, असं दिसलं तर ते काम हाताचं आहे. म्हणून अनोळखी माणसाला वर चढू देण्याआधी चारही बाजूंनी जमिनीवरून फोटो काढून ठेवावेत. फोन झूम करून काढलेलेही चालतात.

त्यानंतर कागद येतो. वर ठळक अक्षरांत 'तपासणीची परवानगी' असं काहीतरी असतं आणि सही टॅबलेटवर बोटाने करायची असते. खाली बारीक अक्षरांत असतं की विमा कंपनीने दावा मंजूर केला तर काम यांनाच द्यायचं, नाही दिलं तर रकमेचा अमुक टक्का दंड. विम्याचे हक्क कंत्राटदाराच्या नावे करून देण्याची पद्धत फ्लोरिडाने १ जानेवारी २०२३ पासूनच्या पॉलिसींसाठी बंद केली, तेव्हापासून या कागदाचा जोर वाढला. टॅबलेटवर सही करूच नये, पूर्ण करार ईमेलवर मागवावा. घाईत केलीच असेल तर एक वाट आहे: राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केलेल्या वादळामुळे छताचा करार केला असेल, तर १० दिवसांत किंवा काम अधिकृतपणे सुरू होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर, तो विनादंड रद्द करता येतो. रद्द केल्याचं पत्र पोच मिळेल अशा टपालाने पाठवा, फोनवर सांगून भागत नाही.

पैशांचं गणित असं फिरतं. छताचं माप 'स्क्वेअर'मध्ये सांगतात, एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट. समजा २४ स्क्वेअरचं छत आहे आणि भाव ठरला १८,००० डॉलर. माणूस म्हणतो, माल महाग होतोय, निम्मे आज द्या. ९,००० हातात पडले की फार तर एक दिवस चार मजूर येतात, जुन्या शिंगल्स उपटतात, ताडपत्री टाकतात आणि पुढचा शनिवार येतो तरी फिरकत नाहीत. उपटणं मुद्दाम असतं: उघडं छत सोडून तुम्ही दुसरा माणूस शोधायला वेळ घालवणार नाही हे त्याला ठाऊक असतं. फ्लोरिडात कंत्राटदाराने किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त आगाऊ घेतले तर ३० दिवसांत परमिटसाठी अर्ज आणि परमिट मिळाल्यावर ९० दिवसांत काम सुरू करणं त्याला बंधनकारक आहे. तरीही या उदाहरणात १,८०० च्या वर आगाऊ देऊ नये. बाकी रक्कम माल आवारात पडल्यावर, जुनं छत निघून खालच्या थराची तपासणी झाल्यावर आणि पालिकेची अंतिम तपासणी झाल्यावर, अशा टप्प्यांत द्यावी. "परमिट तुमच्याच नावाने काढा, स्वस्त पडतं" असं म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. मालक-बांधकामदार म्हणून सही केली की मजुराच्या अपघातापासून चुकीच्या खिळ्यांपर्यंत सगळं तुमच्या गळ्यात येतं.

परवाना दोन मिनिटांत तपासता येतो. राज्याच्या मायफ्लोरिडालायसन्स डॉट कॉमवर क्रमांक टाका. छताच्या राज्यस्तरीय परवान्याचा क्रमांक सीसीसीने सुरू होतो, सर्वसाधारण बांधकामाचा सीजीसीने. क्रमांक खरा निघाला तरी थांबा: कार्डावरचं नाव, करारावरचं नाव आणि चेक ज्याच्या नावाने मागताहेत ते नाव, तिन्ही जुळायला हवीत. दुसऱ्याच्या परवान्यावर धंदा करणारे बरेच असतात. आणीबाणीच्या काळात विनापरवाना कंत्राटदारी हा फ्लोरिडात फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे, पण पकडला जाईपर्यंत तो शेजारच्या जॉर्जिया राज्यात पोचलेला असतो.

दोन वाक्यं ऐकली की संभाषण संपवावं. एक: "डिडक्टिबल आम्ही सांभाळून घेतो." चक्रीवादळाचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानातला तुम्ही स्वतः सोसायचा वाटा, बहुधा घराच्या विमा रकमेच्या २, ५ किंवा १० टक्के असा असतो. घर ४ लाखांचं आणि २ टक्के धरलं तर पहिले ८,००० तुमचे. ते माफ करतो म्हणणारा बिल फुगवतो, आणि तसं करणं राज्यात गुन्हा आहे. दुसरं: "पंचवीस टक्के खराब झालं की सगळं छत बदलावंच लागतं, कायदाच आहे." तो नियम २०२२ मध्ये सैल झाला. २००७ च्या बांधकाम नियमांनुसार किंवा त्यानंतरच्या नियमांनुसार बांधलेल्या छताला आता खराब भागापुरतीच दुरुस्ती चालते.

सगळ्यात उशिरा कळणारी फसवणूक लीनची, म्हणजे घरावर चढणाऱ्या बोजाची. काम नीट झालं, पैसे पूर्ण दिले, आणि दोन महिन्यांनी शिंगल्स पुरवणाऱ्याने घरावर बोजा चढवला, कारण कंत्राटदाराने त्याला दमडी दिली नव्हती. आधी 'नोटिस टू ओनर' नावाचं एक पाकीट टपालाने आलेलं असतं, पुरवठादाराला ते ४५ दिवसांत पाठवावं लागतं. ती जाहिरात नाही, फेकू नका. त्यात ज्यांची नावं असतील त्या प्रत्येकाकडून पैसे पोचल्याची 'रिलीज ऑफ लीन' सही होऊन आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नये. विम्याचा चेक तुमच्या आणि गृहकर्जाच्या बँकेच्या नावाने आला असेल तर त्यावर सही करून कंत्राटदाराच्या हातात मुळीच देऊ नका.

ताडपत्रीसाठीही शेकडो डॉलर उकळतात. वादळ मोठं असेल आणि तुमचा जिल्हा यादीत असेल तर अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी दलाची 'ब्लू रूफ' योजना निळं आच्छादन फुकट घालून देते. स्वतः घालायची झाल्यास ताडपत्री आढ्यावरून पलीकडच्या बाजूला चार फूट तरी जायला हवी आणि कडा लाकडी पट्टीला गुंडाळून पट्टी स्क्रूने बसवायला हवी. नुसते खिळे मारून गेलेली ताडपत्री पुढच्या पावसात फाटते, आणि प्रत्येक खिळ्याचं भोक गळतं ते वेगळंच.

पब्लिक ॲडजस्टर, म्हणजे तुमच्या बाजूने विमा कंपनीशी भांडणारा परवानाधारक, नेमायला हरकत नाही. पण आणीबाणी जाहीर झालेल्या वादळाच्या दाव्यात पहिल्या वर्षी त्याची फी १० टक्क्यांच्या वर नेता येत नाही. २० मागत असेल तर त्याला हा नियम माहीत आहे, तुम्हाला नाही असं तो धरून चाललाय. फेमा, म्हणजे आपत्तीत मदत देणारी अमेरिकी सरकारी संस्था, तिच्या अर्जाला एक पैसाही लागत नाही. फेमाचा खरा निरीक्षक तुमचा नऊ अंकी नोंदणी क्रमांक विचारत नाही, त्याच्याकडे तो असतोच.

फसलात तर पहिला फोन बँकेला, त्याच तासात. झेलचे पैसे परत मिळणं अवघड असतं, पण फोन जितका लवकर तितकी शक्यता जास्त. क्रेडिट कार्ड असेल तर व्यवहार ज्या स्टेटमेंटवर आला ते पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार करा. मग पोलिसांत नोंद, कारण तिचा क्रमांक पुढे सगळीकडे विचारतात. आपत्तीशी संबंधित फसवणुकीसाठी राष्ट्रीय केंद्राचा फोन ८६६-७२०-५७२१. कंत्राटदाराची तक्रार राज्याच्या परवाना विभागाकडे करा. घरमालकांच्या भरपाईसाठी राज्याचा एक निधी आहे, पण तो परवानाधारक कंत्राटदाराने बुडवलं असेल तरच उघडतो. विनापरवाना माणसाला पैसे दिलेले असतील तर तिथे अर्जच चालत नाही. विम्याचा नवा दावा नुकसान झाल्यापासून एका वर्षात आणि पुरवणी दावा १८ महिन्यांत द्यावा लागतो, तेव्हा कंत्राटदार पळाला म्हणून दावा थांबवून ठेवू नका. उपटलेलं छत, खाली पडलेले खिळे, ट्रकची नंबरप्लेट, टॅबलेटवरच्या कराराचं प्रत्येक पान: सगळ्याचे फोटो दुसरा माणूस कामाला लागण्याआधी काढून ठेवा, कारण त्याच्या पहिल्या दिवशीच अर्धा पुरावा कचऱ्याच्या डब्यात जातो.