‘व्हायरस सापडले’ म्हणणारा फुकटचा स्कॅन : पैसे कुठे आणि कसे जातात

अँटीव्हायरसच्या नावाखाली पैसे घालवलेल्या अनेकांच्या कॉम्प्युटरमध्ये त्या दिवशी व्हायरस नसतोच. सुरुवातही अँटीव्हायरसपासून होत नाही. घरातलं कुणीतरी पीडीएफची वर्ड फाइल करून देणारी फुकट साइट शोधतं. तिथे चौकट येते : ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा.’ दाबलं की पीडीएफचं काम होवो न होवो, त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळून जाते. मग उजव्या कोपऱ्यात लाल पाट्या झळकू लागतात : ‘अँटीव्हायरसची मुदत संपली’, ‘पाच व्हायरस सापडले, ताबडतोब स्कॅन करा’.

त्या पाटीवर बारीक अक्षरात क्रोम किंवा एज हे नाव असतं आणि शेजारी कुठल्यातरी अनोळखी साइटचा पत्ता. हीच तिची जन्मखूण. विंडोजचा स्वतःचा इशारा ‘विंडोज सिक्युरिटी’ या नावाने येतो आणि त्यात फोन नंबर कधीही नसतो. वेबपेजला तुमच्या हार्ड डिस्कमधल्या फाइली तपासताच येत नाहीत. तिथे टक्केवारी सरकते, फाइलींची नावं भराभर पळतात, ते निव्वळ चलतचित्र असतं. मोबाइलवरून तेच पान उघडलं तर अनेकदा तिथेही ते ‘सी ड्राइव्ह’ तपासतं, जो मोबाइलला नसतोच!

इथून तीन वाटा फुटतात. पहिली जरा बरी म्हणायची : पाटीवर क्लिक केलं की एखाद्या खऱ्याच कंपनीचं विक्रीचं पान उघडतं आणि मधल्या दलालाला कमिशन सुटतं. माल खरा, पण भीती घालून विकलेला. दुसऱ्या वाटेवर एक ‘फुकट’ प्रोग्रॅम उतरतो. तो स्कॅन करतो, शेकडो दोष दाखवतो आणि दुरुस्तीचं बटण दाबलं की पैसे मागतो. तिसऱ्या वाटेवर स्क्रीन अख्खी भरते, भोंगा वाजतो आणि फोन नंबर दिसतो.

दुसऱ्या वाटेवर सुशिक्षित माणसंही फसतात, कारण समोर ‘रिपोर्ट’ असतो. त्यातले आकडे कुठून येतात? ब्राउझरच्या कुकीज, टेम्पररी फाइली, काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या रजिस्ट्रीत (विंडोज आपली सेटिंग्ज ठेवते त्या जागी) उरलेल्या नोंदी. कालच विंडोज टाकलेल्या कॉम्प्युटरवरही असं काहीबाही सापडतंच. ते मोजून लाल रंगात ‘धोका’ म्हणून मांडायचं, एवढीच कारागिरी. सायप्रसमधल्या रीइमेज आणि रेस्टोरो या दोन कंपन्यांवर फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेच्या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने हाच आरोप ठेवला : विंडोजचे वाटावेत असे इशारे दाखवायचे, फुकट स्कॅन करायचा आणि कॉम्प्युटरची अवस्था काहीही असो, दुरुस्ती हवीच असं सांगायचं. मार्च 2024 मध्ये 2.6 कोटी डॉलरवर ते प्रकरण मिटलं.

त्याआधीचं ऑफिस डेपोचं प्रकरण तर याहून बोलकं आहे. अमेरिकेतली ही मोठी दुकानसाखळी ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची तपासणी करून द्यायची. स्कॅन सुरू करण्याआधी दुकानातला माणूस गिऱ्हाइकाला विचारायचा : कॉम्प्युटर स्लो झालाय का, पॉप-अप येतात का, व्हायरसचा इशारा दिसला का, मध्येच बंद पडतो का. चारपैकी एका चौकटीत जरी खूण पडली, तरी निकालात व्हायरसची लक्षणं दिसणार हे ठरलेलं. स्कॅनमध्ये काय सापडतं याच्याशी त्याचा संबंधच नव्हता. म्हणजे गिऱ्हाइकाचीच तक्रार त्याला रिपोर्ट म्हणून परत द्यायची आणि वर शेकडो डॉलरची दुरुस्ती गळ्यात मारायची. 2019 मध्ये ऑफिस डेपोने अडीच कोटी आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने एक कोटी डॉलर भरून तडजोड केली.

तिसरी वाट फोनची. समोरचा माणूस एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर, म्हणजे त्याला दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारा प्रोग्रॅम, टाकायला लावतो आणि ‘पुरावे’ दाखवतो. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणांची रांग दाखवली जाते. ठणठणीत कॉम्प्युटरमध्येही तिथे ‘एरर’ आणि ‘वॉर्निंग’च्या ढीगभर नोंदी असतात. मग काळ्या खिडकीत ‘नेटस्टॅट’ ही चालू इंटरनेट जोडण्या दाखवणारी आज्ञा टाइप होते आणि ‘फॉरेन ॲड्रेस’ या रकान्याकडे बोट दाखवलं जातं : ‘बघा, परदेशातून तुमच्यात घुसलेत.’ फॉरेन म्हणजे इथे फक्त जोडणीचं पलीकडचं टोक. बँकेची साइट उघडलीत तर तिचा पत्ताही त्याच रकान्यात दिसेल.

अशी भोंग्याची स्क्रीन आली तर फोन लावू नका. एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की फुल स्क्रीन सुटते. नाही सुटली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’ करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर ‘रिस्टोर पेजेस’ विचारतो, तिथे नाही म्हणा; हो म्हटलंत की भोंगा परत हजर. मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’ उघडा आणि परवानगी मिळालेल्या यादीतून अनोळखी साइटी काढून टाका. पाट्यांचा उपद्रव एवढ्यानेच थांबतो. बिचारा कॉम्प्युटर उगाच फॉरमॅट केला जातो.

आता फुकटचा, पण खऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस. तो व्हायरस पकडत नाही असं मुळीच नाही. फुकट आणि विकतच्या आवृत्तीत व्हायरस पकडणारं इंजिन बहुधा एकच असतं. पैसे घेतले जातात ते व्हीपीएन (इंटरनेटवरची ये-जा झाकणारी सोय), पासवर्ड मॅनेजर असल्या जोडसोयींचे. प्रश्न फुकटवाल्याचा खर्च कोण भागवतं हा आहे. धोक्याच्या साइटी अडवायच्या तर अँटीव्हायरसला तुम्ही उघडता तो प्रत्येक पत्ता पाहावा लागतो. काही तर स्वतःचं सर्टिफिकेट बसवून कुलूपबंद साइटींचा मजकूरही मध्येच उघडून तपासतात. चावी ज्याच्या हातात त्याच्यावर भिस्त. मूळच्या चेक प्रजासत्ताकातल्या अवास्टने जंपशॉट या उपकंपनीमार्फत अशी ब्राउझिंगची माहिती शंभराहून जास्त गिऱ्हाइकांना विकली. लोकांनी काय शोधलं, कुठे गेले, त्यावरून त्यांचं आजारपण, धर्म, राजकीय कल उघडा पडेल असा तो माल होता, आणि जाहिरात मात्र ‘तुमच्यावर कुणी पाळत ठेवू देणार नाही’ अशी. जानेवारी 2020 मध्ये पत्रकारांनी हे उघड केल्यावर जंपशॉट बंद झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने 1.65 कोटी डॉलर वसूल करायचा आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकायला बंदी घालायचा आदेश काढला. अवास्टवर चिडून त्याऐवजी एव्हीजी किंवा अविरा बसवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की अवास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन हे चारही ब्रँड आज जेन डिजिटल या एकाच कंपनीचे आहेत.

मग घरच्या कॉम्प्युटरला काय लावायचं? विंडोज 10 किंवा 11 असेल तर मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा तिचा स्वतःचा अँटीव्हायरस आत आहेच, वेगळा पैसा नाही. बँक, मेल, मुलांचा अभ्यास एवढ्याला तो पुरतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. अट एकच, विंडोजचे अपडेट चालू हवेत. विंडोज 10 चा सर्वसाधारण पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. सुरक्षेचे वाढीव अपडेट न घेता तीच विंडोज वापरणाऱ्याला कुठलाही अँटीव्हायरस, फुकटचा असो वा विकतचा, विंडोजमधल्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळ लावून देत नाही.

दुसरा अँटीव्हायरस बसला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो. नव्या लॅपटॉपसोबत आलेल्या महिनाभराच्या ट्रायलनेही तेच होतं. राखणदार कोण आहे ते पाहायचं तर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘सेटिंग्ज’मध्ये जा आणि ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ दाबा. ट्रायल संपली असेल तर तो प्रोग्रॅम ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मधून काढा, नीट निघाला नाही तर त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल चालवा, आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करून डिफेंडर परत आला का ते त्याच जागी बघा. ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ चालू ठेवा. वरचे ‘शेकडो दोष’वाले प्रोग्रॅम बरेचदा तिथेच अडतात. खरोखर संशय असेल तर ‘स्कॅन ऑप्शन्स’मधला ऑफलाइन स्कॅन चालवा. उघडी कामं आधी सेव्ह करा, कारण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पुरती सुरू व्हायच्या आतच तपासणी होते. साधारण 15 मिनिटं लागतात. आणखी एक मत हवं असेल तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर पुण्याच्या क्विक हीलसकट भारतीय कंपन्यांची फुकट सफाईची टूल्स आहेत.

व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होणारी ‘लाइफटाइम की’ किंवा क्रॅक केलेला, म्हणजे पैसे न देता चालावा म्हणून कुलूप तोडलेला, अँटीव्हायरस मात्र नकोच. क्रॅक चालवायला आधी डिफेंडर बंद करायला सांगतात. राखणदाराला झोपवून दार उघडायचं, ते कशासाठी?

पैसे गेलेच असतील तर आधी मोडेमचा प्लग काढा. एनीडेस्कसारखा प्रोग्रॅम काढून टाका आणि बँकेचे, मेलचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. बँकेला कळवून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तासाभरात केलेल्या फोनने रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार ओटीपी स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणून तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा.

रीतसर विकत घेतलेल्या अँटीव्हायरसचीही एक मेख आहे : प्रोग्रॅम काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. पहिलं वर्ष सवलतीत, दुसऱ्या वर्षी पूर्ण भाव, आणि 15,000 रुपयांपर्यंतची अशी वसुली दर वेळी ओटीपी न मागता होऊ शकते. निदान 24 तास आधी सूचना यावी असा नियम आहे, पण ती जाहिरातींच्या मेसेजमध्ये हरवते. यूपीआय ॲपमधलं ‘ऑटोपे’ आणि कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमधलं मँडेट (दर वेळी पैसे कापून घ्यायची परवानगी) तिथूनच रद्द करा.

आणि एकदा पैसे दिलेल्या नंबरवर काही आठवड्यांनी दुसरा फोन येऊ शकतो : ‘कंपनी बंद झाली, तुमचा रिफंड आहे.’ रिफंड घ्यायचा म्हणून ते पिन टाकायला सांगतात. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही.